८.०२ ते ८.०९

बुधवार, २० जानेवारी १९९९

उत्तरायण होऊन आठवडा झाला तरी समोरच्या तारांवर अजून पतंग लटकलेत. परवापासून त्याच आकाशातून माणसं बसलेले फुगे जाणार. गरम हवेचे सहा फुगे, आणि मी शहात्तर वर्षांचा. एकही कधी पाहिलेला नाही.

संध्याकाळी रावपुऱ्यात मंदाकिनीबाईंकडे कामाची वाटणी झाली. आम्ही हॅम, म्हणजे हौशी बिनतारीवाले. महोत्सवाची सगळी निरोपानिरोपी आमच्याकडे. फुगा मैदानावरून सुटला की वारा नेईल तिकडे जातो, म्हणून त्याच्यामागे जमिनीवरून एक जीप धावते. जीपमध्ये सेट घेऊन दत्ताजीराव बसणार. वाटेवरच्या अगाश्यांवर, म्हणजे उघड्या गच्च्यांवर, आमची चार केंद्रं. जे दिसेल ते मैदानावर मंदाकिनीबाईंना कळवायचं. तिथला अधिकारी ते त्याच्या वेगळ्या यंत्रावरून फुगेवाल्याला सांगणार. मंदाकिनीबाई कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतात. बटण दाबा, बोला, सोडा. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आहोत. एकाने बटण धरून ठेवलं तर बाकीच्यांची तोंडं बंद होतात, आणि धरणाऱ्यालाही काही ऐकू येत नाही. प्रतापनगरच्या रेल्वे तारघरात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, असं मनात आलं, बोललो नाही.

केंद्र तीन मी, आमच्याच इमारतीच्या अगाशीवर. केंद्र चार दुर्गा, इथून किलोमीटरभर असलेल्या तिच्या शाळेच्या अगाशीवर. ती तिथे विज्ञान शिकवते. माझी सून निरुपमा त्याच शाळेत मराठी आणि गुजराती शिकवते. दुर्गा पस्तिशी उलटल्यावर माझ्याकडे मोर्स शिकायला आली आणि एका पावसाळ्यात परवान्याची परीक्षा पास झाली. आता तिला शाळेतल्या मुलींसाठी रेडिओ क्लब काढायचा आहे. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी पडून आहे. मुख्याध्यापक मोहनराव म्हणालेत, आधी तुमचं काम डोळ्यांनी बघतो, मग खोलीचं बोलू. शनिवारी सकाळी ते स्वतः अगाशीवर येणार आहेत. दुर्गा दोन वर्षं त्या खोलीच्या मागे आहे.

माझा उजवा अंगठा थंडीत आखडतो, बटण दाबून धरवत नाही. त्यावर मी उपाय काढलाय. सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरी कडी कापून घेतली; लांब निरोप सांगायचा असेल तेव्हा ती सेटवर चढवायची, बटण आपोआप दाबलेलं राहतं. मंदाकिनीबाईंना दाखवली नाही. दुर्गाने पाहिली.

"काका, ही काढायची राहिली तर?"

मी म्हटलं, तार मारताना माझं एक टिंबसुद्धा कधी राहिलेलं नाही.

शुक्रवार, २२ जानेवारी

वारा जास्त होता. दोरीला बांधून एकच फुगा वर नेला आणि उतरवला. अगाशीवर तीन तास नुसता बसून होतो. चौथीच्या वर्गातली ती ढगांची कविता राहून राहून ओठावर येत होती. आमचे गुरुजी सबंध वर्गाला हात जोडून उभं करायचे आणि म्हणायचे, कविता बसून म्हणायची नसते. छपराच्या फटीतून ऊन यायचं, त्यात खडूची धूळ तरंगायची, आणि चाळीस पोरं आभाळाला हाक मारायची. आता आमच्या सोसायटीतल्या पोरांना मराठीत आभाळ म्हटलं तरी कळत नाही. निरुपमा म्हणते, कळतं बाबा, पण तुम्ही एकदा सुरू झालात की ती पळतात.

शनिवार, २३ जानेवारी

आज जे पाहिलं ते लिहायला शब्द पुरायचे नाहीत.

साडेसातला फुगे सुटल्याचं मंदाकिनीबाईंनी कळवलं. आठच्या सुमाराला पूर्वेकडून पहिला दिसला. लाल आणि पिवळा, खाली टोपली, टोपलीत मुंगीएवढी माणसं. त्यामागे निळा, त्यामागे आणखी दोन. आठ-दोनला मी सविस्तर निरोप दिला: किती फुगे, कुठला रंग, कुठल्या दिशेला, अंदाजे किती उंच. मंदाकिनीबाई खूश झाल्या असणार. मग सेट कठड्यावर ठेवला आणि पाहत राहिलो.

लाल-पिवळा अगदी आमच्या टाकीवरून गेला. आतली ज्योत मध्येच फुरफुरायची, तेवढाच आवाज. बाकी सगळं चिडीचूप. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या, दूधवाला सायकलवर एक पाय टेकून वर बघत उभा. सेटवरही कुणी बोलत नव्हतं. आकाशात शांत आणि सेटवर शांत. जणू आम्ही सगळे एकाच वर्गात हात जोडून उभे होतो. साठ-पासष्ट वर्षांनी मी चौथीत परत गेलो. इतका आनंद मला सौभाग्यवती गेल्यापासून झालेला नाही.

मध्येच खाली दुर्गाची स्कूटर आली. मी हात केला. चार मजले ती पळत चढून आली, धापा टाकत. मी म्हटलं, बघ, बघ, तो शेवासीकडे उतरतोय. तिने फुग्याकडे पाहिलंच नाही. कठड्यावरचा सेट उचलला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी पाहिलं आणि परत माझ्या हातात दिला. मी तिला दटावलं. प्रेमानेच, पण दटावलं. मोहनराव येणार आणि तू जागा सोडून फुगे बघायला इकडे? ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं. तेवढ्यात नेमके सेटवर दत्ताजीराव ओरडू लागले, अॅम्ब्युलन्स, अॅम्ब्युलन्स. दुर्गा जिना उतरून गेलीसुद्धा.

तारघराची शिस्त अशी की जे घडेल ते वेळेसकट लिहायचं, माणूस आपला असो की परका. मी नोंदवहीत लिहिलं: ८.०९, केंद्र ४ जागा सोडून केंद्र ३ वर.

साडेआठला माझा सेट बंद पडला. बॅटरी जुनी झाली बहुतेक.

संध्याकाळी. वाईट बातमी. लाल-पिवळा फुगा शेवासीच्या पुढे एरंडाच्या शेतात उतरत होता, आणि शेतापलीकडे विजेच्या नव्या तारा होत्या. दत्ताजीरावांनी त्या जीपमधून वेळेवर पाहिल्या, पण सेटवर कुणीतरी बटण दाबून बसलं होतं. सात मिनिटं त्यांना नुसती घरघर ऐकू येत होती. फुगेवाल्याला तारा अगदी शेवटी दिसल्या. त्याने फुगा खाली आदळवला, टोपली फरफटत गेली. दोर धरायला धावलेला गोविंद तिच्याखाली सापडून पाटात पडला. गोविंद प्रतापनगरच्या वर्कशॉपमधला फिटर, रजा टाकून हौसेने आला होता. उजवी मांडी दोन ठिकाणी मोडली. अॅम्ब्युलन्सचा निरोपही त्या सात मिनिटांत जाईना.

असल्या बेजबाबदार माणसांचे परवाने काढून घ्यायला हवेत.

रविवार, २४ जानेवारी

आज मला जागेवर बसवलं नाही. मंदाकिनीबाई म्हणाल्या, तुमची बॅटरी तपासून घ्या. घरातूनच फुगे पाहिले, खिडकीतून. कविता काही आठवली नाही.

सोमवार, २५ जानेवारी

रबरी कडी सापडत नाही. कोटाच्या खिशात नाही, सेटच्या पाकिटात नाही. अगाशीवर जाऊन टाकीखाली, पाइपामागे शोधली. निरुपमा विचारत होती, बाबा काय हरवलं? काही नाही म्हटलं.

बॅटरी तपासली. ठणठणीत आहे. पूर्ण भरली की दिवसभर जाते. शनिवारी ती दीड-दोन तासांतच उतरली. नुसतं ऐकत बसलं तर उतरत नाही. सतत बोलत राहिलं तर उतरते.

नोंदवही उघडली. ८.०२ माझा निरोप. पुढची नोंद ८.०९. मध्ये कोरं.

शनिवारची दैनंदिनी वाचली. सेटवरही कुणी बोलत नव्हतं, असं मी लिहिलंय.

खात्री नाही. दुसऱ्या कुणाचंही बटण असू शकतं.

मंगळवार, २६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन. शेजारचे शरच्चंद्र शहा म्हणाले, काका, शनिवारे तुम्ही अगाशीवर भजन करत होता काय? खालपर्यंत गुणगुण येत होती ने! हसत हसत म्हणाले. मला वाटत होतं की मी मनातच म्हणत होतो.

दुर्गाने सेट पाठ करून का घेतला ते आता कळतंय. कडी तिने काढली. ती जवळच्या केंद्रावर होती, तिला घरघर नाही, माझा आवाज ऐकू आला असणार.

कळतंय, असं लिहिलं. शनिवारीच कळायला हवं होतं.

गुरुवार, २८ जानेवारी

रावपुऱ्यात बैठक झाली. महोत्सवाच्या समितीने लेखी खुलासा मागितलाय. घरून निघताना ठरवून निघालो होतो की उभं राहायचं आणि सांगायचं. रिक्षात वाक्यंसुद्धा जुळवली.

मंदाकिनीबाईंनी प्रत्येकाला आपली नोंदवही वाचायला सांगितली. माझी पाळी आली. मी उभा राहिलो, वाचली. तारघरात वाचायचो तशी, स्पष्ट, एकाच सुरात. ८.०२. मग ८.०९, केंद्र ४ जागा सोडून केंद्र ३ वर. एवढं वाचून थांबलो. पुढचं वाक्य बोलायला एवढी चांगली जागा मला पुन्हा मिळायची नाही. मी चष्मा पुसला आणि बसलो.

दत्ताजीराव दुर्गाकडे वळले. त्यांच्या घराण्याने तीन पिढ्या सरकारवाड्याची चाकरी केली. दबक्या आवाजात बोलणं त्यांना येतच नाही.

"काय गं, फुगे बघायला गेली होतीस?"

"हो," दुर्गा म्हणाली. "काकांच्या अगाशीवरून चांगले दिसतात."

"आणि तुझा सेट?"

"खुर्चीवर होता."

"म्हणजे पडला असणार उताणा, बटण खाली. बराबर ने? मी तिकडे बोंबलतोय, पोरगा टोपलीखाली, आणि हिचा सेट खुर्चीखाली लोळतोय."

"असेल," दुर्गा म्हणाली.

माझ्याकडे तिने बघितलं नाही. मंदाकिनीबाईंनी मात्र बघितलं, बराच वेळ. मग त्यांनी खुलाशात लिहिलं की केंद्र चारवरील सेटमुळे फ्रिक्वेन्सी अडल्याची शक्यता. लिहून झाल्यावर त्यांनी माझी नोंदवही मागून घेतली, चाळली, आणि परत दिली.

परतताना दत्ताजीरावांनी मला स्कूटरवर सोडलं. वाटेत म्हणाले, माधवराव, तुमच्या शिस्तीमुळे तरी खरं कळलं. मी मागे बसून त्यांचं जाकीट धरलं होतं. उतरून जावंसं वाटत होतं, पण फत्तेगंजात स्कूटर जोरात होती. असलं कारण मी इथेसुद्धा लिहितोय.

शनिवार, ३० जानेवारी

जेवताना निरुपमाने सांगितलं, शाळेने रेडिओ क्लबला खोली नाकारली. त्या दिवशी मोहनराव ठरल्याप्रमाणे अगाशीवर गेले तर तिथे रिकामी खुर्ची. वर समितीचं पत्र आलं, त्यात केंद्र चारचा उल्लेख. मोहनराव शिक्षकांच्या बैठकीत म्हणाले की ज्यांना स्वतःची खुर्ची सांभाळता येत नाही त्यांच्या हाती मुली कशा द्यायच्या? दुर्गा तिथेच बसलेली होती. माझ्या मुलाने, हेरंबने विचारलं, ती नक्की काय करत होती? निरुपमा म्हणाली, तुमच्या बाबांना विचारा, त्यांच्याकडेच आली होती.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, शाकात मीठ कमी आहे.

रविवार, ३१ जानेवारी

दर रविवारी सकाळी नऊला सेटवर आमची हजेरी असते. मंदाकिनीबाई एकेकाला पुकारतात, ज्याला काही सांगायचं त्याने सांगायचं. आज नक्की सांगायचं म्हणून साडेआठपासून सेटसमोर बसलो. मला पुकारलं. मी म्हटलं, हवामान स्वच्छ, सेट ठीक, संदेश नाही.

संदेश नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

शनिवार, तेवीस जानेवारीचं पान रोज उघडतो. परवाने काढून घ्यायला हवेत, असं माझ्याच अक्षरात आहे. खोडायचं नाही.

भीती कसली आहे, तेही लिहून ठेवतो. मार्चमध्ये परवान्याचं नूतनीकरण आहे. तारेवरचं मोर्स बंद झालं, तारघर गेलं, घरातली माणसं आपापल्या कामाची. सकाळी सेटवर कुणीतरी माझं नाव पुकारतं, एवढ्यावर माझा आठवडा जातो. ते गेलं तर मी नुसता निरुपमाचा सासरा उरतो. एवढी साधी भीती. तिच्यासाठी मी एका बाईची दोन वर्षं दिली.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

शाळा सुटायच्या वेळेला दुर्गाच्या घरी गेलो. तिच्या आईने साखळ्यांच्या हिंचक्यावर बसवलं, पाणी दिलं. दुर्गा आली, मला बघून चपला काढायची थांबली. आईला म्हणाली, आई, जरा आत बस.

बोलायला मला सुरुवात सापडेना. तीच उठली, टेबलाचा खण उघडला आणि रबरी कडी माझ्यासमोर ठेवली.

मी विचारलं, त्याच वेळी का नाही बोललीस?

"तुम्ही मला दटावत होतात काका. जागा सोडू नये म्हणून." मग म्हणाली, "आणि तुम्ही इतके आनंदात होतात."

मग बैठकीत का नाही बोललीस, ते मी विचारलं.

"वाटलं, तुम्ही बोलाल."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मोर्स शिकताना चूक झाली की जशी सांगायची, तशी साधेपणाने म्हणाली.

मग तिने जे सांगितलं त्याची मला कल्पना नव्हती. आठ-दोनला माझा निरोप संपल्यावर बटण सुटलं नाही, हे तिला लगेच कळलं. लगेच निघायला हवं होतं. पण माझा आवाज येत होता, ती कविता येत होती. तिचे वडील तिला झोपवताना तीच म्हणायचे. ते गेल्यावर तिने ती कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. अर्धं मिनिट, कदाचित पूर्ण मिनिट, ती खुर्चीत बसून ऐकत राहिली. मग स्कूटरला किक मारली. ते मिनिट तिचंही आहे, असं ती म्हणाली. म्हणून बैठकीत ‘असेल’ म्हणणं तिला फार जड गेलं नाही.

मी म्हटलं, ते मिनिट तुझं नाही. सगळी सात माझी आहेत.

"मग तसं सांगा ना काका," ती म्हणाली. "मला काय सांगता?"

मी निघालो तेव्हा तिची आई चहा घेऊन येत होती. दुर्गाने तिला थांबवलं नाही, मलाही थांबवलं नाही. कडी मी तिथेच विसरलो की मुद्दाम ठेवली, कोण जाणे.

रविवार, ७ फेब्रुवारी

सांगितलं.

नऊ वाजता हजेरी सुरू झाली. कागदावर लिहून घेतलं होतं, मोर्सचा निरोप लिहितात तसं, एकही शब्द जास्त नाही. मला पुकारल्यावर म्हटलं: संदेश आहे. तेवीस जानेवारीला ८.०२ ते ८.०९ फ्रिक्वेन्सी केंद्र तीनने अडवली. मी बटणावर रबरी कडी लावली होती आणि ती काढली नाही. मनाई असून लावली. दुर्गा जागा सोडून आली ती मला थांबवायला. दुर्गा आली नसती तर आणखी किती वेळ गेला असता, ठाऊक नाही. हे मला पंचवीस तारखेलाच कळलं होतं. अठ्ठावीसच्या बैठकीत मी ते लपवलं. संदेश समाप्त.

अंगठा आखडला होता, तरी प्रत्येक वाक्यानंतर बटण सोडलं, कुणाला मध्ये बोलायचं असेल तर बोलता यावं म्हणून. कुणी बोललं नाही. शेवटी सोडलं तेव्हा इतकं शांत होतं की सेट चालू आहे ना, ते मी बघितलं. ही शांतता मी त्या शनिवारच्या शांततेशी ताडून पाहिली. या वेळी तिकडे माणसं होती.

मग मंदाकिनीबाईंचा आवाज आला. नोंद घेतली. पुढे, केंद्र चार. दुर्गाने हजेरी दिली. संदेश नाही म्हणाली.

दत्ताजीराव शेवटी पुकारले गेले. ते म्हणाले, मला आता काही बोलायचं नाही, बोललो तर परवाना जाईल.

नोंदवहीत आमच्यात खाडाखोड चालत नाही. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला दुरुस्ती, तारीख, सही. ८.०९ ची ओळ चुकीची नव्हती, म्हणून तिच्यावर रेघ मारता आली नाही. खाली लिहिलं: केंद्र ३ च्या चुकीमुळे. सही केली. अठ्ठावीसला मी एक अक्षरही खोटं वाचलं नव्हतं, हे त्या वेळी लक्षात आलं.

दुपारी मंदाकिनीबाईंचा फोन आला. समितीला नवा खुलासा जाईल. सहा महिने मला कुठल्याही कार्यक्रमात जागा नाही, रविवारी फक्त ऐकायचं. परवान्याचं वरचे लोक ठरवतील. बैठकीतच त्यांना वाटलं होतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुमची नोंदवही मला कशाला हवी होती असं वाटलं तुम्हाला? कोरी जागा मी पाहिली होती. तुम्हाला दहा दिवस दिले, ती माझी चूक. तिची शिक्षा दुर्गाला झाली.

ठेवायच्या आधी म्हणाल्या, "आम्हाला सांगून झालं, माधवराव. गोविंदला कोण सांगणार?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी नाही," त्या म्हणाल्या.

बुधवार, १० फेब्रुवारी

मंदाकिनीबाई शाळेत जाऊन मोहनरावांना भेटल्या. निरुपमाने सांगितलं, जूनपासून खोली द्यायचं ठरलंय, पण क्लबच्या शिकवणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढायला मोहनरावांनी सांगितलं, आणि दुर्गाने ते तिथल्या तिथे काढलं. निरुपमा हे सांगताना चाचरत होती. मी म्हटलं, बरोबर केलं. रात्री माझ्या ताटात पोळी हेरंबने वाढली. एरवी तो वाढत नाही.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलो. पूर्वी याच रस्त्याने रोज सायकलवरून तारघरात जायचो. आज दोनदा वाट चुकलो. गोविंदला दवाखान्यातून घरी आणलंय. कमरेपासून प्लॅस्टर, पाय विटांवर बांधून ठेवलेला. वजन लोंबकळायला पोत्यात वाळू भरलीय. आई रखमाबाई त्याचं सगळं करते. बाप नाही.

मला बघून गोविंद खूश झाला. तारबाबू आले, म्हणाला. वर्कशॉपची जुनी माणसं मला अजून तसंच म्हणतात, त्यांच्याकडून त्याने उचललं असणार. रखमाबाईंनी स्टूल पुसून दिलं, चहा टाकला. त्याने मला टोपलीचं सगळं वर्णन सांगितलं, वेताची विण किती घट्ट असते, दोर किती जाड. पुढच्या वर्षी आपण वरही जाऊन येऊ, म्हणाला. डॉक्टर म्हणतात पाय बोटभर आखूड राहील. वर्कशॉपमध्ये शिडीवर चढायचं काम आता देणार नाहीत, बसून करायचं देतील.

चहा आला. मी कप हातात न घेता सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून. कडी, कविता, कोरी जागा, बैठक. कवितेचं सांगायला सगळ्यात लाज वाटली.

गोविंद छताकडे बघत ऐकत होता. संपल्यावर काही वेळ वाळूचं पोतं हलकेच हलत होतं, तेवढंच.

"सातच मिनिटं होती ती?" तो म्हणाला. "मला तासभर वाटला."

मी मान खाली घातली. माफ करा म्हणायचं होतं, पण तो माझ्या नातवाच्या वयाचा. माफ कर म्हणायचं की माफ करा, तेच ठरेना, आणि तेवढ्यात वेळ निघून गेली.

रखमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने हात पुसले, पुढे येऊन गोविंदची उशी सारखी केली, पोत्याची दोरी पाहिली. मग माझ्या समोरच्या कपाकडे बघितलं.

"चहा गार झाला तुमचा," त्या म्हणाल्या. "दुसरा करणार नाही मी."

मी तो गारच प्यालो, तळाशी राहिलेल्या साखरेसकट. कप विसळून मोरीत पालथा घातला. रखमाबाईंनी नको म्हटलं नाही.